मोजणी

कावळ्याला आधी बंदूक दिसत नाही,
आधी डोळे दिसतात.
म्हणून टोपी भुवयांपर्यंत ओढायची
आणि बघायचं पापणीच्या फटीतून,
झोपेचं सोंग घेतलेल्या पोरासारखं.

घड्याळ काढून खिशात.
नळीला चुलीची काजळी,
सदऱ्याच्या बटणांनासुद्धा.
"चमकलं की संपलं," म्हणायचा तात्याबा जमदाडे,
पेन्शनीत आलेला हवालदार, माझा मामा.
सावळजच्या माळावर बेदाण्याची शेडं,
गंधकाची धुरी घेऊन हिरवा पडलेला माल,
आणि जाळीला जिथं भोक, तिथं कावळा.
शेडवाले मामाला रोज द्यायचे, वर सीझनाला एक पेटी.
मी काडतुसं मोजून द्यायला.

"पैला उतरतो त्येला मारू नगं.
वाळक्या बाभळीच्या शेंड्यावर एक बसतो बघ,
खाईत न्हाई, भांडत न्हाई, नुसती मान फिरवतो.
त्यो पहारा. त्यो आधी."
श्वास अर्धा सोडायचा, अर्धा ठेवायचा.
वारं आटपाडीकडनं असेल तर बोटभर सरकायचं.
बार झाल्यावर उठायचं नाही,
बिडी नाही, खोकला नाही;
वर घिरट्या घालणारे तेव्हा तोंडं पाठ करत असतात,
पुढं पिल्लांना शिकवतात.
एक मेलेला बांबूला उलटा टांगला
की आठ दिवस शांत.

आणि सगळ्यात अवघड, मोजणी.
"कावळ्याला मोजता येतं,
वजाबाकी येत न्हाई."
म्हणून सगुणाक्का रोज आमच्याबरोबर
करंजाच्या जाळीपर्यंत यायची
डोक्यावर भाकरीचं फडकं घेऊन,
आणि परत जाताना मुद्दाम मोठ्यानं
शेरडीला शिव्या देत जायची.
माणूस गेलं, असं समजून
कावळे खाली उतरायचे.
तिच्या शिव्या ऐकू यायच्या बंद झाल्या
की मामा खटका मागं ओढायचा.

ती गेली भर सीझनात, फाल्गुनात.

दहाव्याला अग्रणीचं पात्र कोरडं.
तीन दगडांवर पत्रावळ, भाताचे गोळे,
कडेला तिची आवडती करडईची भाजी.
पलीकडच्या जांभळीवर चौदा कावळे.
मी मोजले.
एकही हलेना.
कुणी म्हणालं, शेरडी विकणार न्हाई.
कुणी म्हणालं, भाच्याला शिकवू.
ऊन डोक्यावर आलं. म्हातारे टेकले.
मग तिचा भाऊ, खाली बघत:
"दाजी, तुमी जरा आड व्हा.
तुमास्नी बघून बसल्यात ती."
मागं कुणीतरी हसलं आणि त्याचा खोकला केला.

मामा काही बोलला नाही.
घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.
पांढरी टोपी खिशात घातली,
मूठभर गाळ उचलून कपाळाला, गालाला फासला.
"चला समदी माज्यासंगं झाडीपतोर,
आन् परत या. बोलत या."
आम्ही अकराजण गेलो.
दहाजण आलो, उसाच्या भावावर बोलत.

मला माहीत होतं तो कुठं आडवा आहे.
चाळीस पावलं, वारं पाठीमागून.
माहीत होतं, श्वास अर्धा ठेवलाय,
आणि उजवं बोट वाकलेलं आहे
जिथं काहीच नाही.

शेंड्यावरच्यानं मान फिरवली.
एकदा. परत एकदा.
आणि तोच उतरला, पहारा.
भाताला नाही, आधी भाजीला चोच.

सगळे उठले, धोतरं झटकली,
नदीच्या वाटेवर हायसं वाटल्यासारखी चाल पडली.
झाडीतनं कुणी उठलं नाही.
बार झाल्यावर उठायचं नसतं.
मी घड्याळ कानाला लावून
दिवस मावळेपर्यंत दगडावर बसलो.

दुसऱ्या दिवशी शेडात त्यानं मला
डालड्याचा रिकामा डबा दिला, एक काठी.
"वाजीव," म्हणाला. "डोळं दुखत्यात माजं."
त्या साली शेडवाल्यांनी पेटी दिली नाही.
मी महिनाभर डबा बडवला.
कावळे डब्याला भ्यायचे नाहीत,
जाळीवर बसून ते एकटक
माझं तोंड बघत राहायचे.